हळदीच्या कंटेनरचा विमा: क्लॉज ए, बी की सी?

सांगलीची हळद किंवा तासगावचा बेदाणा पहिल्यांदाच परदेशी पाठवणाऱ्याला विमा एजंट तीन दर सांगतो: क्लॉज ए, बी आणि सी, म्हणजे मालाच्या विम्यात काय बसतं आणि काय नाही हे ठरवणारे तीन ठरावीक प्रकार. सीचा हप्ता सगळ्यात कमी, म्हणून मन तिकडे ओढतं. माझं मत आधीच सांगतो, हळद-बेदाण्यासाठी ए घ्या.

सीमध्ये ठरावीक मोठे अपघातच बसतात. आग, स्फोट, जहाज बुडणं किंवा रुतणं, टक्कर, रस्त्यात ट्रक उलटणं. बीमध्ये त्यावर भूकंप, वीज आणि कंटेनरमध्ये समुद्राचं किंवा नदीचं पाणी शिरणं हे वाढतं. कंटेनरच्या पत्र्याला भोक पडून पावसाचं पाणी पोत्यांवर गळलं तर? ते बीमध्येही बसत नाही. चोरीही नाही. हळदीला धोका असतो तो नेमका अशाच गोष्टींचा, आणि त्या फक्त एमध्ये येतात.

एमध्येही सगळं मिळतं असं समजू नका. माल मुळातच दमट भरला आणि बुरशी आली, पॅकिंग कच्चं निघालं, जहाज उशिरा पोहोचून भाव पडला, तर कोणताच क्लॉज पैसे देत नाही. म्हणून भरताना ओलाव्याचा लॅब रिपोर्ट जपून ठेवा. बेदाणा रीफरमधून, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमधून जाणार असेल, तर यंत्र बंद पडण्याचा धोका वेगळा लिहून घ्या. युद्ध आणि संपाचं संरक्षणही तिन्हींमध्ये वेगळंच घ्यावं लागतं.

विमा कोणी काढायचा, हे सौद्यावर ठरतं. सीआयएफमध्ये, म्हणजे किमतीत विमा आणि जहाजाचं भाडं धरलेल्या सौद्यात, विक्रेत्याने. इन्कोटर्म्स २०२० (आंतरराष्ट्रीय सौद्यांचे ठरलेले नियम) प्रमाणे किमान सी आणि किमतीच्या ११० टक्के रक्कम पुरते, पण त्या किमानावर थांबू नका. एफओबीमध्ये, म्हणजे माल जहाजावर चढवून देण्यापुरत्या सौद्यात, माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमचीच असते. सांगली ते न्हावा शेवा हा सगळा रस्ता तुमच्या माथी, आणि तिथे खरेदीदाराची पॉलिसी तुमच्या कामाची नाही. या टप्प्यासाठी इनलँड ट्रान्झिट पॉलिसी घ्या. गोदामात पडून असलेला माल मात्र यात येत नाही. २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांनी साठ्याचा पुरासह वेगळा विमा काढलेला बरा.

‘जहाजाचा विमा असतोच की’ हे इथे नेहमी ऐकू येतं. तो जहाजाच्या सांगाड्याचा आणि यंत्रांचा असतो, तुमच्या पोत्यांचा नाही. जहाजमालकावर जबाबदारी आली तरी तिला वजनाची किंवा नगाची मर्यादा असते. उलट तुमच्याकडूनच पैसे मागितले जाऊ शकतात. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात अडकलं, तेव्हा मालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केलं, म्हणजे सुटकेच्या खर्चात माल पाठवणाऱ्यांचाही वाटा. अशा वेळी विमा असेल तर कंपनी हमी देते. नसेल तर आधी रोख अनामत भरा, मगच माल सुटतो. हे संरक्षण सीमध्येही आहे, त्यामुळे अगदीच बजेट नसेल तर सी घ्या, पण विनाविमा पाठवू नका.

वर्षाला एखादाच कंटेनर असेल तर त्या फेरीपुरती पॉलिसी पुरे. नियमित जात असतील तर ओपन पॉलिसी, म्हणजे सगळ्या खेपांसाठी एकच पॉलिसी, सोयीची, फक्त प्रत्येक खेप न चुकता कळवायची. नुकसान दिसलं की डिलिव्हरीच्या पावतीवर शेरा लिहून घ्या, सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) बोलवा. वरून न दिसणारं नुकसान असेल तर डिलिव्हरीपासून तीन दिवसांत जहाज कंपनीला लेखी कळवा.