मूडलला जोडायचं कसं: स्कॉर्म की एलटीआय?
मुंबईतल्या अनेक कॉलेजांत मूडल असतं, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली. प्रश्न येतो बाहेरचा धडा त्याला जोडण्याचा. स्कॉर्म म्हणजे धडा बांधून देण्याचं ठरलेलं मानक; त्यात अख्खा धडा एका झिप फाइलमध्ये येतो. तो आपल्याच सर्व्हरवर राहतो, त्यामुळे बनवणारी कंपनी बंद पडली तरी सहसा चालतो. पण स्कॉर्म १.२ हे २००१ चं, आणि वय जाणवतं. विद्यार्थी कुठवर आला याची नोंद, मानकानुसार, ४०९६ अक्षरांत बसवायची! लांबलचक धड्यात जागा संपली की डोंबिवली लोकलमध्ये अर्धवट सोडलेला धडा घरी कधीकधी पुन्हा पहिल्यापासून.

एलटीआय म्हणजे बाहेरचं साधन मूडलला जोडायचं मानक; त्यात साधन ते बनवणाऱ्या कंपनीच्याच सर्व्हरवर राहतं. मूडल त्याला डिजिटल सही केलेला निरोप धाडतं: ही व्यक्ती कोण, कुठल्या कोर्सची, विद्यार्थी की शिक्षक. वेगळा पासवर्ड नको, आणि सोय असेल तर गुणही परत येतात. मात्र क्लायंट आयडी आणि डिप्लॉयमेंट आयडी (साधनाची आणि जोडणीची ओळख), लॉगिनचे पत्ते दोन्हीकडे तंतोतंत जुळले नाहीत की गाडी अडलीच. नाव-ईमेल बाहेर द्यायचं का, हे मूडलमध्ये आधी ठरवा. घाईत नेमकं तेच राहून जातं.

वर्षानुवर्षं न बदलणारे धडे असतील तर स्कॉर्म पुरे. कोडिंगचा सराव किंवा सिम्युलेशन असेल तर मी एलटीआयच घेईन, फक्त कंपनीशी करार करताना गुणांची प्रत आपल्याकडे ठेवण्याची अट घालून.