भाड्याच्या गाडीचे आठ महिने आणि ७० पौंडांचा पाठपुरावा

इंग्लंडात स्लावला मी मे २०२५ पासून एक छोटी हॅचबॅक महिन्याच्या भाड्यावर वापरते आहे. महिन्याला ५९० पौंड, त्यात विमा, रोड टॅक्स, सर्व्हिसिंग सगळं आलं. हॉस्पिटलात माझ्या पहाटेच्या शिफ्ट असतात आणि त्या वेळेला बस मिळत नाही. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते, आणि नवख्या माणसाला स्वतःच्या गाडीचा विमा फार महाग पडतो. म्हणून भाड्याची घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं ते इथे कुठल्याही कंपनीच्या गाडीबाबत होऊ शकतं.

गाडीबद्दल आधी लिहिते. गाडी उत्तम आहे. आठ महिन्यांत एकदा टायर गेला, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बदलून मिळाला. सर्व्हिसिंगच्या दिवशी दुसरी गाडी दिली. अपघात झाला तर पहिले १,००० पौंड आपल्या खिशातून जातात, एवढं मात्र सही करण्याआधी बघून घ्या. बाकी तक्रार नाही.

तक्रार आहे ती ॲडमिन फीची, म्हणजे गाडीवर आलेली नोटीस हाताळायचे कंपनी कापते त्या पैशांची.

गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला होते. आई सांगलीहून आली होती. आधीच्या शनिवारी, २३ तारखेला, सकाळी आम्ही जवळच्या रिटेल पार्कात सजावटीचं सामान आणायला गेलो. तिथे तीन तास पार्किंग फुकट आहे. ११ वाजून ८ मिनिटांनी आत गेलो, पाऊण तासाच्या आत बाहेर पडलो. घरी येऊन दिव्यांची माळ लावून बघितली तर अर्धी पेटेना. संध्याकाळी सव्वासहाला पुन्हा जाऊन ती बदलून आणली आणि ६ वाजून ३८ मिनिटांनी निघालो. झालं एवढंच.

९ सप्टेंबरला ड्युटीवर असताना बँकेचा मेसेज आला, कार्डावरून ३५ पौंड गेले. मागोमाग भाडे कंपनीचा ईमेल: तुमच्या गाडीवर पार्किंगचा 'दंड' आला आहे, ही आमची ॲडमिन फी. सोबत खासगी पार्किंगवाल्यांच्या नोटिशीची प्रत होती. तिच्यात दोन फोटो, आत येतानाचा ११.०८ चा आणि बाहेर पडतानाचा १८.३८ चा. मुक्काम साडेसात तास, मागणी १०० पौंड.

नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे अशी चूक करतात. मधलं बाहेर जाणं आणि पुन्हा आत येणं कॅमेऱ्याने टिपलं नाही, की पहिलं येणं आणि शेवटचं जाणं जोडून एकच मुक्काम धरला जातो. इथल्या लोकांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. आपण कुठे चुकलो का, या विचारात त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच घरी परत आणला.

आईने डबा उघडून बघितला, विचारलं. सगळं सांगितल्यावर म्हणाली, "अगं, मग आपण दुपारी घरी नव्हतो का? नारळाची पिशवी मी दारातच ठेवली होती की." त्या एका वाक्याने मार्ग सापडला. आमच्या दाराच्या बेलला कॅमेरा आहे. त्याचं चित्रण ३० दिवसच राहतं आणि त्यातले १७ उलटून गेले होते. रात्रीच शोधलं. १३.१० चं चित्रण: आई वाकून पिशवी उचलते आहे आणि तिच्या मागे गाडीची नंबर प्लेट अक्षर न् अक्षर वाचता येते. ते उतरवून घेतलं, दोन ठिकाणी ठेवलं. सकाळच्या खरेदीची पावती आणि संध्याकाळी माळ बदलल्याची पावती दोन्ही घरात सापडल्या, दोन्हींवर वेळ छापलेली होती.

आता महत्त्वाचं. नगरपालिकेची नोटीस आणि खासगी कंपनीची नोटीस दोन्हींना लोक पीसीएनच म्हणतात (नगरपालिकेची ती पेनल्टी चार्ज नोटीस, खासगी ती पार्किंग चार्ज नोटीस), पण दोन्हींत मोठा फरक आहे. खासगीवाल्यांची नोटीस म्हणजे सरकारी दंड नव्हे, करार मोडल्याचा दावा करून पाठवलेलं बिल. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याचे नियम २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आहेत. गाडी भाड्याची असेल तर भाडे कंपनीने २८ दिवसांत तीन कागद पार्किंगवाल्यांना द्यायचे: गाडी भाड्याने दिली होती असं सही केलेलं निवेदन, कराराची प्रत, आणि जबाबदारी स्वीकारल्याच्या भाडेकरूच्या सहीच्या कागदाची प्रत. एवढं दिलं की कंपनी मोकळी. मग पार्किंगवाल्यांनी २१ दिवसांत भाडेकरूला नोटीस द्यायची, त्याच सगळ्या प्रती आणि मूळ नोटीस सोबत जोडून.

भाडे कंपनीने परस्पर पैसे भरून ते आपल्या कार्डावरून वळते केले तर अपील करायला काही उरतच नाही. म्हणून त्याच रात्री मी मेल केला: पैसे भरू नका, जबाबदारी माझ्या नावावर वळवा, कागद पाठवल्याची तारीख मला कळवा. आमच्या मंडळातल्या एका काकांनी हे सांगितलं होतं. त्यांच्या मुलाची १०० पौंडांची नोटीस अशीच कंपनीने परस्पर भरून टाकली होती. काकांचे उपकार मी विसरणार नाही.

भाडे कंपनीने 'कळवलं आहे' असं उत्तर दिलं. प्रत्यक्षात कळवलं नव्हतं. ८ ऑक्टोबरला कार्डावरून आणखी ३५ पौंड गेले, कारण पार्किंगवाल्यांचं स्मरणपत्र आलं होतं. तेव्हा मात्र मला रडू आलं. चूक कॅमेऱ्याची, दिरंगाई ऑफिसची आणि भुर्दंड माझ्या पगारातून, तोही मला न विचारता.

ऑक्टोबरच्या मध्यावर माझ्या नावाची नोटीस आली. एकच कागद, सोबत एकही प्रत नाही. १४ दिवसांत भराल तर ६० पौंड, नंतर १००. आई तोवर सांगलीला परतली होती. फोनवर म्हणाली, "भर बाई आणि मोकळी हो, जिवाला घोर नको." तिची काळजी खरी होती. पण भरले असते तर साडेसात तास गाडी उभी होती हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि ७० पौंड मागायला तोंड राहिलं नसतं.

अपिलात मी दोन मुद्दे मांडले: दोन वेगळ्या फेऱ्यांचे पुरावे, आणि नोटिशीसोबत प्रती नसणं. तिसरं एक वाक्य घातलं: तुमच्या चुकीच्या नोंदीमुळे मला ॲडमिन फीचा खर्च आला आहे, तो मी तुमच्याकडून मागणार आहे. हे वाक्य पहिल्याच पत्रात असू द्या. पुढे ते कामी येतं.

छापील मजकुरात नकार आला. सोबत पॉप्लाचा, म्हणजे खासगी पार्किंगच्या अपिलांचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र सेवेचा, नंबर होता. ब्रिटिश पार्किंग असोसिएशन ही पार्किंग कंपन्यांची संघटना, तिच्या सदस्यांविरुद्धची अपिलं पॉप्लाकडे जातात, आपल्याला त्याचे पैसे पडत नाहीत. दुसऱ्या संघटनेच्या, आयपीसीच्या (इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी), सदस्यांसाठी आयएएस (इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिस) आहे. कोणाकडे जायचं ते नकाराच्या पत्रात लिहिलेलं असतं. पॉप्लाकडे चित्रण आणि पावत्या चढवल्या आणि नोव्हेंबर संपण्याआधी पार्किंगवाल्यांनीच माघार घेतली. 'सद्भावना म्हणून' नोटीस रद्द, असं लिहिलं. न केलेल्या गोष्टीची माफी मिळाल्यासारखं वाटलं, मला ते बोचलं.

१०० पौंड टळले, पण ७० गेलेलेच होते. नोटीस खरी की खोटी एवढंच पॉप्ला ठरवतं, ॲडमिन फी त्यांच्या कक्षेत येत नाही. बरेच जण इथेच थांबतात.

मी करार काढून ते कलम शब्द न् शब्द वाचलं. गाडीबद्दल आलेल्या 'प्रत्येक नोटिशीच्या' कामासाठी ३५ पौंड, असं लिहिलेलं. नोटीस योग्य असली पाहिजे अशी अट नाही. ग्राहक हक्कांच्या २०१५ च्या कायद्याखाली असं कलम अन्यायकारक आहे असा वाद घालता येतो. पण मला वाटलं, पहिल्या फीपुरती भाडे कंपनी खोटं बोलत नाहीये. पत्र आलं, कोणीतरी बसून ते हाताळलं. ते पैसे ज्याने चुकीचं पत्र पाठवलं त्याने द्यावेत. दुसरी फी मात्र सरळ चूक होती. स्मरणपत्र म्हणजे नवी नोटीस नव्हे, आणि ते आलं ते कंपनीने वेळेत कागद न पाठवल्यामुळे.

म्हणून दोघांना वेगळी पत्रं लिहिली. भाडे कंपनीला एवढंच: दुसरे ३५ परत करा, नाहीतर मी बीव्हीआरएलएकडे, म्हणजे भाड्याने गाड्या देणाऱ्यांच्या संघटनेकडे तक्रार नेते. ही कंपनी सदस्य आहे आणि संघटनेकडे तंटे सोडवायची सोय आहे. त्याआधी कंपनीची स्वतःची तक्रार प्रक्रिया पूर्ण करावी लागते, ती मी केलेली होती. तीन दिवसांत पैसे आले. दिलगिरीचा शब्द नाही, पण पैसे आले.

पार्किंगवाल्यांनी मात्र हात वर केले: फी तुमच्या आणि भाडे कंपनीच्या मधली बाब. मग मी दाव्याआधीचं पत्र धाडलं. सगळ्या तारखा, कार्डाच्या स्टेटमेंटची प्रत, मागणी ३५ पौंड, मुदत १४ दिवस. आधार डेटा संरक्षणाचा घेतला. माझी माहिती बाळगणाऱ्याने ती अचूक ठेवली पाहिजे, आणि चुकीच्या माहितीने नुकसान झालं तर यूके जीडीपीआर या इथल्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ८२ प्रमाणे भरपाई मागता येते. मुदतीत पैसे आले नाहीत तर छोट्या दाव्यांच्या मार्गाने कोर्टात जाईन असं लिहिलं. ३०० पौंडांपर्यंतच्या दाव्याला कोर्टाची फी ३५ पौंड आहे, जिंकलं तर तीही समोरच्याकडून मिळते. दावा जिंकलाच असता असं मी म्हणत नाही. पण मी लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता आणि कोर्टात जायची माझी तयारी होती.

बाराव्या दिवशी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ३५ पौंड खात्यात जमा झाले. 'जबाबदारी मान्य न करता' असं सोबत लिहिलं होतं. मी आईला फोन केला. तिच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. म्हणाली, "बरं झालं गं. आता जेव नीट."

गाडीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, कंपनीच्या हिशेबाला दोन. आता रिटेल पार्कातून निघताना पावती फेकत नाही, आणि बेलचं चित्रण दर रविवारी उतरवून ठेवते. करार मार्चपर्यंत आहे. तो वाढवण्याआधी मी कंपनीकडे एक ओळ लिहून मागितली आहे: खासगी पार्किंगची नोटीस आली तर आम्ही परस्पर पैसे भरणार नाही, सात दिवसांत कागद पाठवू आणि एका नोटिशीला एकदाच फी घेऊ. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.