पीएचडीच्या गाइडची निवड: दोन मेंदूशास्त्रज्ञांच्या नोंदी शेजारी ठेवून

वाशीला राहणाऱ्या माझ्या भाचीपुढे सध्या दोन मार्गदर्शकांचे होकार आहेत. पहिले प्राध्यापक मानवी मेंदूच्या एमआरआय चित्रणावर काम करतात आणि त्यांचा पहिला शोधनिबंध येऊन ३१ वर्षे झाली आहेत. दुसऱ्या बाई उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागातील, पेशींचे विद्युतसंकेत नोंदवतात. त्यांच्या पहिल्या निबंधाला १२ वर्षे झाली असून स्वतःची प्रयोगशाळा उभी राहून जेमतेम पाच. गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधण्याच्या संकेतस्थळावर पहिल्यांचा एच-इंडेक्स, म्हणजे किती निबंध किती वेळा उद्धृत झाले हे एकत्र सांगणारा आकडा, ६२, तर दुसऱ्यांचा २२. “मामा, यात तुलना ती काय करायची?” असे म्हणत तिने नौपाड्यातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर दोघांच्या निबंधांच्या याद्यांच्या छापील प्रती ठेवल्या.

एच-इंडेक्स ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ साली मांडली. सात निबंधांना अनुक्रमे ९०, ४०, २२, ९, ६, ४ आणि १ सायटेशन (इतर निबंधांत झालेले उल्लेख) असतील, तर निदान पाच निबंधांना प्रत्येकी पाच किंवा अधिक सायटेशन मिळाल्यामुळे इंडेक्स ५ होतो. पहिल्याची ९० ऐवजी ९०० झाली तरी तो ५ वरच राहतो. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही, म्हणजे संशोधकाने काम थांबवले तरी जुन्या निबंधांच्या जोरावर तो वाढत राहू शकतो. त्यामुळे त्याला कारकिर्दीच्या वर्षांनी भागण्याची सोय हर्श यांनीच सुचवली होती. तसे भागल्यावर पहिल्यांचे २ आणि दुसऱ्यांचे सुमारे १.८ आले.

उरलेला फरक बराचसा विषयशाखेचा आहे. एमआरआयच्या मोठ्या सहकार्य-प्रकल्पांतील निबंधावर कधी कधी पन्नास-साठ नावे असतात आणि त्याची सायटेशन प्रत्येकाच्या खात्यावर पूर्णच्या पूर्ण जमा होतात. पद्धत सांगणाऱ्या निबंधांचे तर वेगळेच गणित असते: प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची रीत सांगणारा ऑलिव्हर लॉरी यांचा १९५१ चा निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला आहे, कारण ती रीत जगभरच्या प्रयोगशाळांत रोज वापरात होती. उलट जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांचे १९७१ चे ‘प्लेस सेल’विषयीचे, म्हणजे जागा ओळखणाऱ्या मेंदूपेशींविषयीचे, टिपण पाच पानांचे होते, पण त्या शोधासाठी ओकीफ यांना २०१४ साली नोबेल मिळाले. सायटेशन आणि मोल एकच नव्हे. म्हणून शाखेचा फरक लक्षात घेणारा रिलेटिव्ह सायटेशन रेशो पाहावा. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या आयसाइट या संकेतस्थळावर तो मोफत मिळतो, मात्र पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत असलेल्या निबंधांपुरताच.

तुलना एकाच साधनावर करावी, हेही ओघाने आले. सायटेशन मोजणारी स्कोपस आणि गूगल स्कॉलर ही दोन्ही २००४ ची, म्हणजे आमच्या ठाणे–वाशी लोकलच्याच वयाची. पण स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधील (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच खुल्या केलेल्या मसुद्यांमधील) उल्लेखही मोजत असल्याने त्याचा आकडा सहसा मोठा दिसतो. आपल्याकडची आडनावे आणखी घोळ घालतात. ‘एस. पाटील’ या नावाखाली किती जणांचे काम एकत्र होऊ शकते याची कल्पनाच केलेली बरी. पहिल्या प्राध्यापकांच्या यादीत मातीतील नत्रावरचा एक निबंध बिनदिक्कत बसलेला होता. संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक असेल तर त्यावरून यादी पडताळून घ्यावी.

मला सर्वांत उपयोगी वाटली ती पेन्सिल: प्रत्येक निबंधावर त्यांचे नाव कितव्या जागी आहे याची खूण करायला. मेंदूविज्ञानात प्रत्यक्ष काम केलेल्या विद्यार्थ्याचे नाव सहसा पहिले आणि प्रयोगशाळाप्रमुखाचे शेवटचे असते. अलीकडच्या वीस निबंधांपैकी पहिले प्राध्यापक शेवटच्या जागी होते ते चारच ठिकाणी. बाकी सर्वत्र ते नावांच्या गर्दीत मधोमध. दुसऱ्या बाईंच्या पाच वर्षांतील सात निबंधांपैकी पाचांत त्या शेवटी होत्या आणि त्या पाचांपैकी तिघांवर पहिले नाव त्यांच्याच विद्यार्थिनींचे होते. भाचीने खुणा मोजल्या आणि बराच वेळ काही बोलली नाही.

बाईंच्या बाजूने धोका नाही असे नव्हे. प्राण्यांवरील नोंदींच्या कामात पहिला निबंध हाती यायला चार-पाच वर्षे सहज जातात, आणि त्यांच्याकडून अजून एकही विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडलेला नाही. पहिल्यांकडे विदा (डेटा) तयार आहे, निबंध लवकर होतील, आणि पुढे कंपनीत विदा-विश्लेषणाची नोकरी करायची असेल तर तेच सोयीचे. सायटेशनच्या ढिगाने मात्र कोणाचीच खात्री पटू नये: अल्झायमरवरील ‘नेचर’मधला २००६ चा एक निबंध दोन हजारांहून अधिक वेळा उद्धृत झाल्यानंतर, त्यातील चित्रांत फेरफार आढळल्यामुळे, २०२४ मध्ये मागे घेतला गेला.

इलेक्ट्रोड स्वतः बसवायला शिकायचे असेल तर बाईंकडे जावे, असे माझे मत मी तिला सांगितले. तिने आधी त्यांच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थिनीला पत्र लिहून दोनच प्रश्न विचारले आहेत: मसुदा वाचून परत यायला किती दिवस लागतात, आणि फेलोशिप संपल्यावर पैसे कुठून येतात.