गूगल कीप आणि ऑब्सिडियन : मराठीत नोंदी ठेवताना आलेला अनुभव

नोंदींचं ॲप पहिल्या आठवड्यात कुठलंही छानच वाटतं. कस लागतो तो शेकडो नोंदी साठल्यावर, हवी ती चटकन सापडते का तिथे. कीप आणि ऑब्सिडियन ही दोन्ही ॲप काही महिने अँड्रॉइडवर रोज मराठीतून वापरल्यावर मी दोन्ही ठेवली आहेत, फक्त कामं वाटून दिली आहेत.

कीप घाईच्या कामाला. त्याचं विजेट, म्हणजे ॲपची छोटी चौकट, होम स्क्रीनवर टाकलं की एका टिचकीत कोरी नोंद उघडते, नेट नसलं तरी. किराण्याच्या यादीसाठी याहून सोयीचं काही मिळालं नाही. तूरडाळ २ किलो, पोहे १ किलो, गूळ अर्धा किलो असं एकेका ओळीत लिहायचं आणि मेनूतून चेकबॉक्स चालू करायचे. प्रत्येक ओळीला चौकट येते. टिक केलेली वस्तू खाली सरकते. पुढच्या महिन्यात नवी यादी करायची नाही, तीन ठिपक्यांच्या मेनूतून सगळ्या टिका एकदम काढायच्या. घरातल्या कुणाचा जीमेल पत्ता जोडला तर दोघांना एकच यादी दिसते. बोलून लिहायचं असेल तर जीबोर्डचा (गूगलच्या कीबोर्डचा) माइक वापरा; कीपचा स्वतःचा माइक आपण जरा थांबलो की बंद होतो.

कीपमध्ये लावलेली आठवण (रिमाइंडर) आता गूगल टास्क्स या कामांच्या यादीच्या ॲपमध्ये जाते. शाओमी, रिअलमी, विवो यांसारख्या फोनमध्ये बॅटरी वाचवायला मागची ॲप बंद केली जातात आणि आठवण उशिरा येते किंवा येतच नाही. म्हणून कीप, टास्क्स आणि कॅलेंडर तिन्हींच्या बॅटरी सेटिंगमधलं बंधन काढा, ऑटोस्टार्ट (ॲप आपोआप सुरू होऊ देणारं सेटिंग) असेल तर तेही चालू करा. आणि कीपच्या कचरापेटीतली नोंद ७ दिवसांनी कायमची जाते, हे ध्यानात असू द्या.

आता मराठीतला शोध. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: एकात खाली टिंब असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना फरक कळत नाही, ॲपला मात्र ते दोन वेगळे शब्द. ‘ॲप’ आणि ‘अ‍ॅप’ यांचंही तेच. फोनवर जीबोर्डने लिहिलेलं आणि जुन्या फाइलमधून चिकटवलेलं यांची सरमिसळ झाली की नोंद असूनही ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर येतं. अंकांचंही तसंच, ५०० शोधलं तर 500 सापडेलच असं नाही. विभक्तीमुळे आणखी गोंधळ होतो: ‘दवाखाना’ शोधल्यावर ‘दवाखान्यात’ कुठून येणार? यावर दोन उपाय लागू पडतात. शोधताना शब्दाचा सुरुवातीचा भाग, ‘दुस’ किंवा ‘दवाखान’, एवढाच टाका. आणि प्रत्येक नोंदीला मूळ रूपातलं शीर्षक द्या: ‘दवाखाना – आई – रक्त तपासणी’. अंक कुठले, हे एकदाच ठरवून टाका.

टिकाऊ नोंदी ऑब्सिडियनमध्ये. प्रत्येक नोंद ही फोनमधल्या फोल्डरमधली साधी मजकूर फाइल असते, त्यामुळे तो फोल्डर संगणकावर नेऊन वरचे दुहेरी स्पेलिंग एका फटक्यात बदलता येतात. कीपमध्ये ती सोय नाही. पण स्वस्त फोनवर ते उघडायला वेळ घेतं, प्लगिन (जादा सोयींचे जोड) वाढवले की आणखी. फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणून १२/५ ऐवजी वर्ष-महिना-दिवस असं लिहा. क्रमही आपोआप लागतो. फोन आणि संगणकावरच्या नोंदी आपोआप जुळवणारं अधिकृत सिंक पैसे देऊन मिळतं. फुकटात करायचं तर सिंकथिंग-फोर्क हे फाइली जुळवणारं ॲप आहे (अँड्रॉइडचं मूळ सिंकथिंग ॲप २०२४च्या अखेरीस थांबलं). फोन आणि संगणक जुळण्याआधी एकच नोंद दोन्हीकडे बदलली तर ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ नावाची दुसरी फाइल बनते. ती आधी वाचा, मगच काढा.

कुठलंही ॲप घेण्याआधी बाहेर पडायची वाट बघून ठेवा. एव्हरनोट या नोंदींच्या जुन्या ॲपने २०२३च्या अखेरीस मोफत खात्याला ५० नोंदी आणि एक वही एवढीच मर्यादा घातली. कीपमधलं सगळं गूगल टेकआउट या गूगलच्याच सोयीने झिप फाइलमध्ये उतरवून घेता येतं आणि ऑब्सिडियनचा इम्पोर्टर प्लगिन ती झिप फाइल थेट आत घेतो. पाच-दहा नोंदी असतानाच हे एकदा करून पाहा.

एटीएमचा पिन किंवा पासवर्ड मात्र दोन्हीत ठेवू नका. कीपमध्ये नोंदीला वेगळं कुलूप नाही आणि ऑब्सिडियनच्या फाइल उघड्याच असतात. त्यासाठी बिटवॉर्डनसारखं पासवर्डचं वेगळं ॲप घ्या.