भीमाशंकरजवळचा होमस्टे, दोन रात्री राहिलो

आईची किमो चालू असताना मधल्या गॅपमध्ये तीच म्हणाली की मला एकदा भीमाशंकरला ने, म्हणून दिवाळीनंतर मधल्या वारी गेलो आणि देवळाच्या अलीकडे एका घरगुती होमस्टेत राहिलो. रूम साध्या, पण चादरी स्वच्छ. गरम पाणी चुलीवरचं, सकाळी सहाच्या आधी मिळत नाही, आणि नेटवर्क जवळपास नाहीच, डॉक्टरांचा फोन यायचा असेल तर आधीच सांगून ठेवा. जेवण मात्र खरंच मनापासून, तांदळाची भाकरी, पिठलं, आणि आईला तिखट चालत नाही कळल्यावर मावशींनी न सांगता तिच्यासाठी वेगळा मऊ भात लावला, हे मी विसरणार नाही.

देवळाकडे उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत, डोली मिळते, आम्ही घेतली. गर्दी नव्हती, आई पिंडीसमोर शांत बसली. ती वारकरी, त्यामुळे इथे उगम पावलेली भीमाच पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते हे आठवून तिचे डोळे भरून आले, म्हणाली यंदा वारी चुकली पण नदी भेटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चहा पिताना समोरच्या झाडावर शेकरू दिसलं, आपला राज्यप्राणी, तांबूस, लांब झुपकेदार शेपटीचं, एका फांदीवरून दुसरीवर झेप घेत गेलं. आई कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. श्रावणात आणि महाशिवरात्रीला आजारी माणूस घेऊन जाऊ नका, प्रचंड गर्दी असते. किमोच्या पुढच्या सायकलनंतर परत जायचंय, मावशींना सांगून आलोय.