लेथच्या एका बेल्टपायी 23,728 रुपये गेले, ऑनलाइन पार्ट मागवणाऱ्यांनी वाचा

आधी आकडे. 1,330 अधिक 2,499 अधिक 4,999 अधिक 14,900, एकूण 23,728. हे सगळं एका रबरी बेल्टसाठी, जो दुकानात 340 ला मिळतो. पाठ झालेत मला हे आकडे, कारण बँकेत, पोलीस ठाण्यात, जिथे जाल तिथे हेच सांगायचं आणि समोरचा मोबाईल काढून परत बेरीज करून बघणार, चोर मीच असल्याच्या थाटात.

मी तळकोकणातला. घरामागच्या पडवीत छोटा लेथ आहे, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं मशीन, देव्हाऱ्याचे खांब, पाळण्याचे दांडे, लाटणी, भवरे असलं कातकाम करतो. सावंतवाडीच्या चितारी लोकांसारखं लाखेचं बारीक काम आपल्याला येत नाही, आपलं साधं सागवान आणि शिवण. चतुर्थीच्या आधी मखराच्या खांबांच्या ऑर्डरी असतात आणि नेमका तेव्हाच बेल्ट गेला. गाऊज, म्हणजे कातायचं हत्यार, जरा दाबला की मोटर फिरत्येय पण लाकूड उभं, वर किंकाळी आणि जळक्या रबराचा वास. झाकण उघडलं तर आत सगळी काळी भुकटी, रिबा, म्हणजे बेल्टच्या आतल्या लांब उंच रेघा, आडव्या चिरलेल्या, एक तर सोलूनच निघालेली.

आता ज्यांच्याकडे असा लेथ आहे त्यांना माहितीय, बाकीच्यांसाठी सांगतो, कारण माझी घाई कुठून आली ते कळायला पाहिजे. या छोट्या लेथवर बेल्ट स्पिंडलभोवती, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दांड्याभोवती असतो, नुसता मोटर सैल करून जुना कापून काढता येईल पण नवा आत जाणार नाही, त्यासाठी स्पिंडलच काढावा लागतो. म्हणजे हँडव्हीलचा छोटा स्क्रू सोडवा, लाकडाचा ठोकळा धरून मोगरीने हळूहळू ठोकत स्पिंडल बाहेर सरकवा, बेअरिंग सांभाळा. मी ते सगळं करून बसलेलो. स्पिंडल तेल लावून पेपरात गुंडाळलेला, कारण आमच्याकडच्या पावसात उघडं लोखंड एका रात्रीत तांबडं होतं. गिऱ्हाईक फोनवर फोन करतंय आणि मशीन पोट फाडून पडलेलं. अशा वेळी माणूस शांतपणे दहा दुकानं फिरत नाही, हे घरात बसून अक्कल शिकवणाऱ्यांनी लक्षात घ्या.

आणि मी फिरलो नाही असंही नाही. आमच्या बाजूला बेल्ट मिळतात ते गिरणीचे नाहीतर पंपाचे, ए सेक्शन 13 मिमी रुंद, बी सेक्शन 17 मिमी. रिबवाल्या बेल्टचे प्रकार दोन रिबांतल्या अंतरावरून, गाडीचा असतो तो के, त्यात 3.56 मिमी. माझा जे, 2.34 मिमी. के वाला जे च्या पुलीवर बसतच नाही. जुन्यावरचा नंबर घासून गेलेला, फक्त शेवटचं ‘जे 6’ वाचता येत होतं, म्हणजे सहा रिबा. दुकानदार म्हणाला कोल्हापूरवरून मागवतो पण आठवडा धरा.

रात्री मोबाईलवर शोधलं आणि अर्थात पहिलीच जाहिरात. लेथचे, ड्रिलचे, सगळ्या मशीनचे बेल्ट, ओरिजिनल, सुंदर फोटो, खाली व्हॉट्सॲपचं बटण. मी जुन्या बेल्टचा फोटो पाठवला, सपाट धरून, शेजारी पट्टी ठेवून. लगेच उत्तर, ‘सर 8 रिब रेडी स्टॉक, कल डिस्पॅच.’

इथे. इथेच थांबायला हवं होतं. फोटोत सहा रिबा दिसतायत, पोरगं पण मोजेल, आणि हा आठ म्हणतोय. मी लिहिलं, सहा आहेत. तो म्हणे, ‘हाँ सर वही.’ बेल्ट विकणारा खरा माणूस तुम्हाला फोनवर सतावतो हो, रिबा किती, लांबी किती, आतून मापली का बाहेरून, पुली केवढी, नंबर वाचून दाखवा. त्याला परत आलेला माल नको असतो. याने लांबी विचारलीच नाही! 483 मिमी की 500 की दोन फूट, काही पडलेली नाही त्याला. हे मला आजपण रात्री आठवतं आणि झोप उडते. तेव्हा वाटलं टायपिंगची गडबड असेल, हिंदीवाला आहे, दिवसाला शंभर मेसेज बघत असेल. कोणालाही असंच वाटलं असतं.

बेल्टचे 1,180 आणि कुरिअरचे 150, पाठवले 1,330. बिलपण आलं, जीएसटी नंबरसकट. तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर कोणाचा आहे ते फुकटात कळतं, टाकत जा. मी नंतर टाकला, भलत्याच कुठल्या कपड्याच्या धंद्याचा निघाला.

मग ‘कुरिअर’चा फोन. पार्सल हबला अडकलंय, टॅक्सचा फरक 2,499, डिलिव्हरीला परत मिळणार. भरले. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, कॅन्सल करतो म्हटल्यावर लगेच ‘रिफंड डिपार्टमेंट’, आणि क्यूआर कोड, स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील. गेले 4,999. मी ओरडलो तर तो माझ्यापेक्षा जास्त घाबरल्याचं नाटक, सर एंट्री उलटी पडली, आता 14,900 ची उलटी एंट्री मारली की सगळे मिळून 19,899 एकदम येतील, लाईन कट करू नका. पडवीत नेटवर्क एक कांडी, पाऊस पत्र्यावर धडधडतोय, अर्धं ऐकू येत नाही आणि तो सारखं ‘जल्दी सर, टाइमआउट होगा’. मारला पिन.

घरी आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘अरे पैशे येवचे तर पिन कित्याक घातलंस?’ तिला साधा फोन वापरता येतो फक्त. मला हे माहीत नव्हतं असं नाही हो, दुकानात स्टिकर असतो, बँकेचे मेसेज येतात, पैसे घ्यायला पिन लागत नाही म्हणून. पण कानाशी एक माणूस सतत बोलत ठेवला की वाचलेलं आठवत नाही, त्यांची सगळी कमाई त्यावरच चालते. फोन कट करा. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा, कट करा आणि अर्ध्या तासाने विचार करा. आणखी एक, माणसाने माणसाला पैशाची रिक्वेस्ट पाठवायची ती यूपीआयची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केलीय, पण क्यूआरची फसवणूक चालूच आहे, तेव्हा ‘रिक्वेस्ट आली नाही म्हणजे सेफ’ असं समजू नका.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन केला, तिथे तक्रार घेतली, नंबर दिला. हे तेवढं चांगलं झालं, तुम्हीपण त्याच मिनिटाला करा, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी नंबर (यूटीआर) समोर ठेवून, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडकवता आले तर येतात.

पण त्यानंतर जे सुरू झालं ना. ठाण्यात गेलो तर म्हणे हे सायबरचं, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो तर म्हणे ऑनलाइन तक्रार झालीय ना मग इथे कशाला, आधी तुमच्या ठाण्यातून आणा. एक जण सगळा अर्ज वाचून विचारतो, ‘लेथ म्हणजे काय?’ मी पुली, स्पिंडल समजावून सांगितलं, त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला रक्कम तशी लहान आहे. लहान? तुम्हाला लहान असेल, माझा चतुर्थीचा सगळा धंदा तेवढा आहे. जागा आमची नाही म्हणून परत पाठवायचं नाही, झिरो एफआयआर कायद्यात आहे, नवीन नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173, हे मी तिथे बोललो तर माझ्याकडे असं बघितलं की मी शिवी दिली. शेवटी अर्जावर शिक्का मारला. एफआयआर नाही, शिक्का.

आणि बँक! शाखेत साहेब ट्रेनिंगला. फॉर्म संपलेले. स्टेटमेंट आणा तर प्रिंटर बंद. मग एका मॅडमनी मान वर न करता सांगितलं, पिन तुम्ही टाकलात, बँक काही करू शकत नाही. मी नंतर वाचलं, आरबीआयचा नियम आहे, 6 जुलै 2017 च्या परिपत्रकातून आलेला, तुमच्या संमतीशिवाय तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. पिन स्वतः टाकला की ते त्यात बसत नाही म्हणतात. म्हणजे ज्याला चोराने लुटलं तो सुटला, आणि ज्याला गोड बोलून लुटलं तो मेला. बरं, पैसे ज्या खात्यात गेले ते खातं कुठल्यातरी बँकेनेच उघडून दिलंय ना, केवायसी करून? त्याचा फोटो, आधार, पत्ता आहे त्यांच्याकडे. आम्हाला एका सहीच्या फरकावरून चेक परत करतात आणि यांना खाती भराभर मिळतात. समोरच्या खात्यात 1,212 रुपये अडकलेत असं पोर्टलवर दिसतंय, तेपण सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणतायत. वकिलाची फी कोण देणार?

बेल्ट शेवटी कोल्हापूरच्या बेअरिंगच्या दुकानातून आला, ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती, 340 अधिक ड्रायव्हरला 50. त्या दुकानदाराने फोनवर माझा जीव खाल्ला. जुना बेल्ट कापून सरळ लांबी मापायला लावली, रिबा मोजायला लावल्या, मग सहा रिबांची रुंदी मापा म्हणे, 14 मिमी आली तरच जे. लांबी 483 मिमी निघाली तेव्हा म्हणाला 190 जे 6, म्हणजे 19 इंची, जे, सहा रिबा, आहे. पैसे माल बघून द्या. पंधरा मिनिटांत बसला तो बेल्ट, स्पिंडल घालून, ताण बेताचा ठेवून.

तुमच्या बेल्टवरचा नंबर आत्ताच, मशीन नवीन असतानाच, भिंतीवर लिहून ठेवा, आणि एक जादा आणून ठेवा. नंबर हाताशी असता तर मी फोटो पाठवत बसलोच नसतो.

बँकेत आता लेखी दिलंय, पोच घेऊन. तोंडी काही बोलू नका यांच्याशी, पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे टाकता येतं, ऑनलाइन, फुकट, माहितीसाठी फोन 14448. मी टाकणार आहे. कालच हप्ता भरायला गेलो तर काउंटरवरचा कॅशियर सगळ्यांसमोर विचारतो, ‘काय हो, मिळाले का पैसे?’ मी म्हटलं, तुम्हीच सांगा, अर्ज तुमच्याच टेबलावर पडलाय.