उशाशी ऑक्सिमीटर: झोपेतल्या पॅनिक अटॅकमध्ये किती कामाचा?

कोविडच्या लाटेत घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आणि पुढे औषधांच्या डब्यात पडून राहिला. रात्री छाती धडधडत, श्वास कोंडून दचकून जागे होणारे अनेक जण आता तोच उशाशी ठेवतात. त्या एका वापरापुरता हा रिव्ह्यू.

यंत्र दोन आकडे देतं: रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी. पॅनिक अटॅकमध्ये जीव गुदमरतो तो ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नव्हे. भराभर श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. चक्कर, ओठांना आणि बोटांना मुंग्या, छाती आवळल्यासारखी वाटणं हे बरंचसं त्यातूनच येतं. हा वायू ऑक्सिमीटर मोजतच नाही. म्हणून स्क्रीनवर 98 असतानाही श्वास पुरत नाही असं वाटतं आणि माणूस यंत्रालाच दोष देतो.

खरी अडचण वेगळी आहे. घाबरल्यावर बोटांचा रक्तपुरवठा आखडतो, बोटं गार पडतात, हात थरथरतो. बोटातून प्रकाश सोडून मोजणाऱ्या यंत्राला नेमक्या याच दोन गोष्टी चालत नाहीत. मग 88, 91 असे खोटे आकडे येतात. कोविडमधला 94 अजून सगळ्यांच्या डोक्यात असल्यामुळे घबराट दुप्पट होते.

त्यामुळे मोजण्याची रीत महत्त्वाची. दिवा लावून पलंगाच्या कडेला बसा, तळवे एकमेकांवर चोळा, हात मांडीवर टेकवा. नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नसलेलं बोट निवडा. पहिला आकडा सोडून द्या. पडद्यावरच्या लाटा एकसारख्या उमटेपर्यंत, म्हणजे साधारण मिनिटभर, थांबा. शंका वाटली तर मनगटावर 15 सेकंद ठोके मोजून चारने गुणा. हा हिशोब यंत्राच्या नाडीशी जुळत नसेल, तर त्याच्या ऑक्सिजनवरही विश्वास ठेवू नका. दहा मिनिटांनी एकदा पुन्हा बघा. तिसऱ्यांदा नको.

माझ्या मते दोन आकड्यांत नाडीचा जास्त उपयोगी. पॅनिकमध्ये ती शंभरच्या वर जाते आणि शांत बसल्यावर हळूहळू उतरते. ती अचानक 150 च्या पुढे जाऊन तिथेच अडकत असेल आणि तशीच एकदम थांबत असेल, किंवा ठोके अनियमित लागत असतील, तर ईसीजी काढायलाच हवा. नीट मोजूनही ऑक्सिजन 94 च्या खाली राहिला तर डॉक्टर गाठा. 90 च्या खाली गेला, किंवा छातीतली कळ हातात-जबड्यात जात असेल, तर लगेच 108.

घोरणाऱ्यांची मात्र या यंत्राने फसगत होते. स्लीप ॲप्नियात (झोपेत श्वास अधूनमधून थांबण्याचा आजार) झोपेत उतरलेला ऑक्सिजन जाग येताच झपाट्याने वर येतो, त्यामुळे बोट घालेपर्यंत 97 दिसतं. त्यावरून ॲप्निया नाही असं ठरवू नये. त्यासाठी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली रात्रभराची तपासणीच हवी.

सगळ्यात मोठा तोटा सवयीचा. दर वेळी आकडा बघून धीर आला की 'यंत्र होतं म्हणून वाचलो' हे मन शिकतं आणि यंत्राशिवाय झोपण्याची भीती बसते. म्हणून दोन-तीन आठवडेच वापरा. वहीत वेळ, दोन्ही आकडे, रात्रीचं जेवण, चहा-कॉफी, दारू लिहा. झोपेतला पॅनिक बहुधा झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत येतो, त्यात स्वप्न नसतं आणि सकाळी तो लख्ख आठवतो. अशी वही डॉक्टरांना एखाद्या आकड्यापेक्षा जास्त सांगते. हृदय, थायरॉइड, साखर तपासून झाली की ऑक्सिमीटर दुसऱ्या खोलीच्या कपाटात जाऊ द्या.

त्याच्या जागी श्वास: नाकाने चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर. मोठे श्वास घेऊ नका, कागदी पिशवीही वापरू नका. लक्षणं बहुतेकदा दहा मिनिटांच्या आत टोक गाठतात आणि मग उतरू लागतात. ती घालवण्यासाठी झगडू नका, उतरू द्या. अटॅक परत परत येत असतील तर सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) हा उपचार चांगला लागू पडतो. रात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालतो, मराठीतही.

नवा घ्यायचा असेल तर लाटा दाखवणारा घ्या. जुना वापरण्याआधी सेल गळलेले नाहीत ना, बघा, आणि घरातल्या धडधाकट माणसाच्या बोटावर एकदा लावून पाहा.